मणेराच्या टोपलीत विम्याचे कागद

माझे मालक पाशामियाँ मणेर हयात होते तोवर मी त्यांचं नाव कधी तोंडानं घेतलं नाही. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, आमच्यातही नाही आणि शेजारच्या हिंदूंच्या घरातही नाही. आता त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. नात अन्वरी म्हणते, लिही आजी, तुला येतं तसं लिही. मला येतं म्हणजे किती, तर म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गात शिकले तेवढं. अक्षर बेडकाच्या उड्यांसारखं. पण जे नाव तोंडाला जड जातं ते कागदावर घेता येतं, हे मला आवडलं. आणि दुसरी एक गोष्ट आहे, तीही तोंडानं कुणाला सांगता आली नाही. ती माझ्या लाजेची आहे. तीच लिहिते.

आम्ही येडशीचे मणेर, म्हणजे बांगड्या भरणारे. बार्शीहून छोट्या गाडीनं बांगड्यांच्या पेट्या यायच्या. त्या स्टेशनावर सोडवून घ्यायच्या, मापानुसार दोऱ्यात ओवायच्या आणि टोपलीत रचून गावोगाव हिंडायचं. मालक टोपली डोक्यावर घेऊन पुढं, मी बोचकं काखेत मारून मागं. जिथं बाप्या माणसाला माजघरात जाता येत नाही तिथं हात भरायचं काम माझं. त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका होता, पण हे मी तेव्हा कबूल करत नव्हते. बाईच्या हाताची हाडं कशी दाबायची, अंगठा आत कसा घ्यायचा, सगळं त्यांना यायचं. बाईला बोलण्यात गुंतवायचे आणि मग म्हणायचे, "झालं बघा." ती खाली बघायची तर हात भरलेला.

ते माणसाचं तोंड विसरायचे, हात विसरायचे नाहीत. कुणाचं माप काय, कुणाच्या लग्नाचा चुडा कोणत्या साली भरला, कुणाच्या पोरीच्या हातात बाळबांगड्या कधी चढल्या, सगळं डोक्यात. ही विद्या त्यांना त्यांच्या वडलांकडनं आलेली, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडनं. सासऱ्यांनी आणखी काही गोष्टी घालून दिल्या होत्या. बांगडी फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. ज्या घरात कुणी गेलंय त्या घरावरनं जाताना टोपलीवर फडकं टाकायचं, काचेची किणकिण त्या बाईच्या कानावर जाता कामा नये. आणि बाईचा हात आपल्या हातात आहे तोवर वाईट शब्द काढायचा नाही. आजारपणाचासुद्धा नाही, मग मरणाचा तर बाजूलाच राहिला.

सासरे गेल्यावर मी या गोष्टींना हसायची. म्हणायची, काचेला काय कळतंय.

निजामाचं राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती आणि आमचा मुलूख मुंबई राज्यात जाऊन दोन, त्या वेळची ही गोष्ट. विमा नुकता सरकारी झालेला. उस्मानाबादहून शांतलिंग नावाचे विम्याचे साहेब सायकलवर यायचे. सायकलला कातडी पिशवी, डोक्याला टोपी, खिशाला दोन पेनं. एक लिहायचं आणि एक दाखवायचं, असं मालक म्हणायचे. साहेब दोन खेपा आले आणि रिकामे गेले. त्यांचा पहिला प्रश्नच गाडी अडवायचा. वय काय? गावात वय कुणाला माहीत? कुणी म्हणे, प्लेगात आम्ही माळावर राहायला गेलो तवा रांगत होतो. कुणी म्हणे, तुम्हीच लिवा तुम्हाला बरं वाटंल ते.

तिसऱ्या खेपेला आमच्या ओट्यासमोरच्या लिंबाखाली साहेब बसले होते आणि किराणावाले महालिंगप्पा बोटं मोजत होते. मालक शेजारी बसून दोरा ओवत होते. ते मान वर न करताच म्हणाले, "साहेब, अडतीस लिहा."

"तुम्हाला काय माहीत?"

"ह्यांच्या मंडळींचा लग्नाचा चुडा माझ्या वडलांनी भरला. मी दोरा धरायला होतो. त्याच दिवशी माझा पहिला दात पडला आणि ह्यांना नुकती मिशी फुटत होती. माझं वय तीस, आता तुम्ही करा हिशेब."

महालिंगप्पा म्हणाले, "मिशीचं कशाला सांगायलास रं पाशा सायबाला?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि मालकांच्या तोंडाकडं बघत राहिले. "मणेर, तुम्ही बांगड्या कशाला विकताय?"

"मग काय विकू?"

"विमा विका. गावातलं घर न् घर तुम्हाला उघडं आहे. मी दारात उभा राहिलो की कुत्रं सोडतात." मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पाच माणसं आणायची. श्रावणात तिसऱ्या सोमवारी रामलिंगच्या जत्रेत साहेब मांडव टाकून टेबल मांडणार होते. पाच झाली की एजंट म्हणून नाव पक्कं. "टेबलाच्या एका बाजूला मी, एका बाजूला तुम्ही," असं ते म्हणाले.

मी दाराआड होते. बाकीचं काय कळलं नाही, पण टेबल म्हणजे खुर्ची असणार एवढं मला कळलं. उस्मानाबादला एकदा मी कचेरीतल्या एका साहेबाची बायको टांग्यातनं उतरताना बघितली होती. तिच्याकडं बघून टांगेवाला उठून उभा राहिला होता. माझ्याकडं बघून आजवर उठून उभी राहिली ती फक्त शेरडं.

मालकांचं मन होईना. मी मागं लागले.

"तुम्हाला गुडघा आहे का न्हाय?" रामलिंगच्या घाटात टोपलीसकट पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा दुखायचा. "चाळिशीत टोपली कोण उचलणार?"

"लोकांच्या दारात जाऊन मरणाचं बोलायचं, जैनब?"

"मरणाचं कुठं? सरकारी कागदाचं बोलायचं."

"आणि कागदात काय लिहिलंय?"

त्यावर मी रुसले. थोरले दीर चाँदपाशा आले आणि म्हणाले, अल्लाच्या कामावर पैज लावायलास का? चहा मात्र कपबशी पुसून प्याले. ते गेल्यावर मी मालकांना खिशाचा पांढरा शर्ट शिवायला टाकला. दोन खिशांचा.

शेवटी ते तयार झाले. पण त्यांनी एक ठरवलं. ज्या दिवशी टोपली न्यायची त्या दिवशी कागद घरी. ज्या दिवशी कागद न्यायचे त्या दिवशी टोपली घरी, वर फडकं टाकून. मी म्हणाले, एका खेपेत दोन कामं होतील, कागद टोपलीच्या बुडाला ठेवा. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी विषय सोडला. सोडला म्हणजे तोंडानं सोडला.

महिन्याभरात त्यांनी चार माणसं केली. माळावर, चावडीपुढं, जिथं बाया नाहीत अशा जागी गाठून बोलायचे. घरी येऊन काही सांगायचे नाहीत, पण त्या दिवसांत जेवताना शीळ घालायचे. जेवताना शीळ घालणारा माणूस तुम्ही बघितलाय का? मी बघितला.

पाचवा माणूस होता धुळाप्पा. रेल्वेत गँगमन, महिन्याचा पगार, साहेबाला पाहिजे तसलं गिऱ्हाईक. पण त्याला विचारलं की म्हणायचा, "आईला इचारतो." तीनदा म्हणाला. त्याची आई नागूबाई ऐन तारुण्यात विधवा झालेली. रेल्वेची खडी फोडून तिनं एकुलतं पोर वाढवलं होतं. अख्खं गाव तिला काकू म्हणायचं आणि तिच्यासमोर आवाज खाली करायचं. धुळाप्पाची बायको हरणाबाई. लग्नाला पाच वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले होते.

जत्रेला नऊ दिवस राहिले होते. हरणाबाईला सातवा महिना लागला आणि हिरवा चुडा भरायला आम्हाला बोलावणं आलं. मालक जत्रेचा माल आणायला बार्शीला गेले होते. मी एकटीच निघाले. निघताना शर्टाच्या खिशातला एक कोरा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि टोपलीच्या बुडाला ठेवला. वर हिरव्या बांगड्या रचल्या.

माजघरात दहा-बारा बायका. हरणाबाई पाटावर, ओटीत नारळ, तोंडावर आनंद मावत नव्हता. गाणी चालली होती. चुडा एकवीस बांगड्यांचा. डाव्या हातात दहा भरल्या, उजव्यात सहावी चढत होती. कोपऱ्यात नागूबाई बसून बघत होती, मोकळ्या हातांची. मला वाटलं, हीच वेळ. सासू समोर आहे, सुनेचा हात माझ्या हातात आहे, उठून जाते कुठं?

मी म्हणाले, "हरणाबाई, धुळाप्पांना तेवढा विम्याचा कागद करायला सांगा की. रुळावरचं काम त्यांचं. उद्या काही कमीजास्त झालं, तर या हातांवर खडी फोडायची पाळी यायला नको."

गाणं थांबलं. कुणाच्या हातातली बांगडीसुद्धा वाजेना.

"जैनब," नागूबाई म्हणाली, "हात सोड तिचा."

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, "काकू, अजून पाच राहिल्यात."

"सोड."

ती उठली. कोनाड्यातनं तेलाची वाटी घेतली, सुनेसमोर बसली आणि तिच्या हाताला तेल लावून एक एक बांगडी उतरवायला लागली. सोळाच्या सोळा. एकही वाढू दिली नाही. हरणाबाई आवाज न करता रडत होती. तिचे हात तेलानं चकाकत होते, मनगटात जुन्या दोन-दोन बांगड्या तेवढ्या राहिल्या. नागूबाई त्या सोळा बांगड्या टोपलीत ठेवायला वाकली आणि तिला बुडाचा कागद दिसला. तिनं तो दोन बोटांत धरून वर काढला.

"ह्ये बांगड्यांखाली घालून आणलंस?"

मी उरलेल्या पाच बांगड्या दोऱ्यात ओवायला लागले.

तिनं कागद होता तिथं परत ठेवला, त्यावर बांगड्या ठेवल्या. "जा आता."

मी उठले तेव्हा दारातल्या बायका मला वाट द्यायला सरकल्या आणि सरकता सरकता त्यांनी आपापली मनगटं पदराखाली घेतली. वीस वर्षांची एक पोरगी होती, तिच्या लग्नाचा चुडा मी स्वतः भरलेला. तिनंही घेतली.

संध्याकाळच्या गाडीनं मालक आले. पेट्या उतरवता उतरवता त्यांनी विचारलं, "झाला का चुडा?"

मी म्हणाले, "न्हाय. माप चुकलं."

"हरणाबाईचं? ती तर दोन-चार."

"हाताला सूज आलीय. पोटुशी हाय ना. दोन-सहा लागतील."

एवढं खोटं माझ्या तोंडातनं इतकं सरळ निघालं की माझं मलाच नवल वाटलं. त्यांनी लगेच पेटी फोडली, दिव्याजवळ बसून एकवीस मोठ्या हिरव्या बांगड्या निवडल्या, एक एक बोटानं तपासली. मी भाकरी थापत होते. थांबवायला तोंड उघडलं असतं तर थांबले असते. नाही उघडलं.

सकाळी ते गेले आणि भाकर गार व्हायच्या आत परत आले. टोपली ओट्यावर ठेवली. गुडघा धरून बसले. मी पाणी दिलं, ते घेतलं नाही.

"मी दारात उभं राहून म्हणालो, काकू, मोठं माप आणलंय." ते जमिनीकडं बघून बोलत होते. "त्या म्हणाल्या, पाशा, माप बरोबर होतं. मग सगळं सांगितलं. बायका होत्या तिथं, पाणी भरायला आलेल्या. सगळ्यांदेखत."

मी रडायला लागले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "मणेराला तू माप चुकलं म्हणून सांगितलंस, जैनब. आणि मी ते खरं धरलं."

त्या आठवड्यात बाजारच्या दिवशी आमच्यापुढं एकही बाई बसली नाही. लांबनं यायच्या, आम्हाला बघून पदर मनगटावर ओढायच्या आणि मिरच्यांकडं वळायच्या. मिरच्या त्या दिवशी लई खपल्या. पावसाळ्यात बायकांना माहेरी जायचं असतं, सण तोंडावर आलेले, हात भरायचे दिवस ते. आमच्या दोऱ्यांवर धूळ बसली. दोष माझा, आणि लोक तोंड फिरवत होते ते मालकांकडं बघून.

जत्रेला तीन दिवस उरले असताना दुपारी धुळाप्पा आला. कामावरनं थेट आलेला, खांद्यावर घण.

"पाशाभाई, लिवा माझं नाव. पाचवा म्या होतो."

मालक म्हणाले, "काकूंना सांगितलंस?"

"आईला कशाला सांगू? सही माझी हाय का तिची?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "हरणा त्या दिसापासनं झोपली न्हाय बघा. तुमच्या मंडळींनी सांगितलं ते तिच्या डोक्यातनं जाईना. म्या सही केली तर तिचा जीव तरी थंड होईल. वारस म्हणून तिचं नाव घाला. आईला कळू देऊ नका म्हंजे झालं."

मालकांनी कागद काढला. पेनाचं टोपण काढलं. मी दाराआड होते, जिथं पहिल्या दिवशी होते तिथंच. आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एवढं सगळं होऊन, गावात तोंड दाखवायची सोय उरली नसताना, माझं मन म्हणत होतं, लिहा. लिहा, पाच होतात. लिहा, खुर्ची मिळते.

त्यांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"धुळाप्पा, तुमच्या घरात माझा बाप पुढच्या दारानं आला, मी पुढच्या दारानं येतो. हा कागद मागच्या दारानं न्यायला मला जमणार नाही. चल." आणि दाराकडं न बघताच म्हणाले, "जैनब, तूसुद्धा चल."

नागूबाई ओसरीवर शेंगा फोडत होती. मालक उभ्यानंच म्हणाले, "काकू, ही जे बोलली ते माझ्या कामापायी बोलली. चूक माझी—"

"तू गप बस. तिला तोंड हाय. परवा तर लई होतं."

मी पुढं झाले. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं, ते सगळं पळालं. तोंडातनं निघालं ते एवढंच, "काकू, मला ह्यांना खुर्चीत बसलेलं बघायचं होतं."

नागूबाईनं शेंग फोडायची थांबवली. "कशात?"

"खुर्चीत. टेबलाजवळ."

तिच्या नाकातनं एक आवाज आला. हसली की काय मला कळलं नाही. धुळाप्पा मात्र दुसरीकडं तोंड करून उभा राहिला. मग ती बोलली, हळूहळू, शेंगा फोडत.

"माझा मालक गेला तवा म्या वीस वर्साची होते. धुळ्या अंगावर पीत होता. तुझ्या सासऱ्यानं मला चुडा भरला हुता. त्या दिवशी त्यो आला, टोपलीवर फडकं टाकलं आणि दारात बसून ऱ्हायला. दिसभर. एक शबूद बोलला न्हाय. मग म्या खडीवर गेले. बोटं फुटली, नखं गेली. मला कुणी कागद आणून दिला न्हाय. असता, तर लई बरं झालं असतं." तिनं माझ्याकडं बघितलं. "कागद वाईट न्हाय, जैनब. धुळ्याला म्याच सांगणार हुते की जत्रंत जाऊन अंगठा उठीव."

"मला सही येती, आई," धुळाप्पा म्हणाला.

"बरं, सही कर. पर जैनब, तू रिकाम्या हातानं अंगणात येऊन ह्येच बोलली असतीस, तर म्या तुला चहा पाजला असता."

माझी मान वर होईना. तोवर मला वाटत होतं, मी अडाणी माणसांना शहाणं करायला निघाले होते.

"आता पाशा, तुला सांगते. धुळ्या कागद करील, पर तुझ्या हातनं न्हाय. दुसऱ्या कुणाच्या हातनं. ज्या हातानं सुनंला चुडा भरायचा त्याच हातानं तिच्या मालकाच्या मरणाचा कागद, ह्ये मला सोसायचं न्हाय. आणि म्या एकटी न्हाय, गावातल्या कुठल्याच बाईला सोसायचं न्हाय. तू आज बांगडी घरी ठेवून ये, न्हायतर कागद घरी ठेवून ये, हात त्योच ऱ्हातो. तवा तू ठरीव, दार कशासाठी उघडू."

मालक म्हणाले, "विचार करतो, काकू." आणि आम्ही निघालो.

दोन दिवस ते विचारच करत होते. शर्ट घालायचे, काढून ठेवायचे. मी मध्ये बोलले नाही. मी शिकत होते, हळूहळू. दुसऱ्या दिवशी दोरा ओवता ओवता ते आपण होऊन म्हणाले, "मला आवडलं होतं गे ते काम. चार माणसं केली मी. वारस कोण म्हणून विचारलं की माणूस कसा हळू बोलतो, बघितलंस का कधी? महालिंगप्पासारखा दांडगा माणूस, बायकोचं नाव सांगताना लाजला. माझ्या कानात सांगितलं. मला वाटलं, हेसुद्धा चांगलंच काम आहे."

त्या बोलण्यानं मला जेवढं लागलं तेवढं नागूबाईच्या बोलण्यानं लागलं नव्हतं. मला वाटायचं खुर्ची एकट्या मला पाहिजे होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी शांतलिंग साहेब आले. त्यांच्या कानावर सगळं आलेलं होतं. ते म्हणाले, "मणेर, चार म्हणजे काही थोडे नाहीत. पाचवा मी आणतो. येडशी सोडून द्या. ईटला चला, भूमकडं. तिथं तुम्हाला मणेर म्हणून कोण ओळखतंय? नवा शर्ट, नवी सायकल, नवा माणूस."

खरं सांगते, साहेब मनापासून बोलत होते. त्यांना मालकांची किंमत कळली होती, ती मला उशिरा कळली.

मालक हसले. "साहेब, ईटच्या बायकांनासुद्धा हात आहेतच की. हात दिसला की मी बघणारच, माप धरणारच. मला नवा माणूस होता येत नाही." आणि चारही माणसांचे कागद, कोरे कागद, सगळं नीट बांधून साहेबांच्या हातात दिलं. "ह्या चौघांना तुम्ही सांभाळा. महालिंगप्पांच्या मंडळींचं नाव मोठ्यानं वाचू नका."

साहेब उठले आणि जाताना त्यांनी मालकांना हात जोडले. मी आजवर बघितलेला तो एकच साहेब, जो आमच्या ओट्यासमोर उठून उभा राहिला. आणि त्या वेळी माझी नजर वर करायची हिंमत नव्हती.

तिसऱ्या सोमवारी रामलिंगला दरीत माणूस मावत नव्हता. साहेबांचा मांडव ओढ्याच्या त्या अंगाला, आमचं दुकान या अंगाला. टेबल होतं. दोन खुर्च्या होत्या. दुसऱ्या खुर्चीवर गोरोबा नावाचा तेरखेड्याकडचा एक मास्तर बसला होता. आमच्यापुढं गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळं बघायला वेळ भरपूर होता. मालक दोरे पुसत होते, पुन्हा पुसत होते.

दुपारी धुळाप्पा आईला घेऊन त्या मांडवात शिरला. साहेबांनी काही विचारलं. धुळाप्पानं डोकं खाजवलं. नागूबाईनं काहीतरी सांगितलं, साहेबांची मान हलली नाही. वय असणार. मालक बसल्या जागी पुटपुटले, "सव्वीस. माझ्या वडलांनी बाळबांगड्या..." आणि पुन्हा दोरा पुसायला लागले. मी दुसरीकडं बघितलं.

सही झाली. नागूबाई मांडवातनं निघाली, देवळाकडं न जाता ओढा ओलांडून सरळ आमच्यापुढं आली. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. तिनं मालकांच्या खिशाकडं बघितलं. खिसा रिकामा होता. शर्टही जुनाच होता.

"पाशा, उद्या घरला ये. पोरीचा चुडा ऱ्हायलाय."

मालक म्हणाले, "काकू, मला वाटलं ढोकीच्या मणेराकडनं—"

"ढोकीच्या मणेराला तिचं माप ठावं हाय का?" मग बोट माझ्याकडं. "हिला बी आण. दोरा धरायला. तोंड घरी ठेवून ये म्हणावं."

ती गेली. थोड्या वेळानं एक म्हातारी येऊन आमच्यापुढं बसली आणि तिनं हात पुढं केला. मग तिची सून. संध्याकाळपर्यंत मालकांना पाणी प्यायला उसंत मिळाली नाही.

दुसऱ्या दिवशी हरणाबाईचा चुडा त्यांनी भरला. दोन-चारच्याच बांगड्या. मी दोरा धरून एक एक काढून देत होते. एकविसावी चढली. हरणाबाई उठून मालकांच्या पाया पडली, आमच्याकडं मणेराला तो मान असतो. माझ्यापुढं आली तेव्हा थांबली, सासूकडं बघितलं. नागूबाई चुलीकडं तोंड करून बसली होती. हरणाबाईनं नुसता हात माझ्या हाताला लावला आणि आत गेली. तेवढं बास होतं. माझ्या लायकीपेक्षा जास्तच होतं.

मालकांनी पुढं तीस वर्षं टोपली उचलली, दुखऱ्या गुडघ्यानं. घाट चढताना थांबायचे, मी मागं उभी राहायची. "चला" म्हणायची हिंमत मला कधी झाली नाही. धुळाप्पाला रुळावर काही झालं नाही. पेन्शन खाऊन म्हातारा झाला, विम्याची मुदत भरली तेव्हा पेढे घेऊन आमच्याकडंच आला. मालकांनी पेढा खाल्ला, धुळाप्पाला विचारलं, "साहेबांनी वय किती लिहिलं होतं?" तो म्हणाला, अठ्ठावीस. मालकांना ते दोन वर्षांचं चुकलेलं वय मरेपर्यंत खटकत होतं.

मी अजून कधी कधी हात भरते. आता अन्वरीच्या मैत्रिणी येतात हौसेनं. हात हातात घेतला की मी ओठ घट्ट मिटते, शेवटची बांगडी चढेपर्यंत उघडत नाही. पोरी एकमेकींना म्हणतात, बघ, आजी आतल्या आत दुवा मागतेय. मी त्यांना तसं समजू देते.